गुळवेल, इम्युनोथेरपी आणि आत्तींचे काउंट

निपाणीजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आखडून:

"डॉक्टरबाई, माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, वय ५७) डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून कॅन्सर निघाला. जन्मभर विड्या वळल्या, मशेरी लहानपणापासूनची. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. आता शेक (रेडिएशन) चालू आहेत आणि सोबत आठवड्याला एक केमो. या खेपेला टोटल काउंट २१०० आणि न्यूट्रोफिल ४८ टक्के आले म्हणून डॉक्टरांनी केमो आठवडाभर पुढे ढकलली. तेव्हापासून घरात गोंधळ आहे. आत्ती कधी तापाने झोपल्या नाहीत, मग यांची प्रतिकारशक्ती कमी कशी, असं सगळे विचारतात. नणंदबाईंनी गुळवेलीचा काढा सुरू करायला सांगितलाय आणि एका ओळखीच्याने महागडी इम्युनिटी पावडर आणून दिलीय. धाकट्या दिरांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला, पेशी बाहेर काढून शिकवून परत सोडतात, इम्युनोथेरपीने चौथ्या स्टेजचे बरे झाले. ते म्हणतात नदीकाठचं रान विकू. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मला लेकीसारखी समजून सांगा, आमचं चुकतंय कुठे?"

सूनबाई,

आधी तापाचं. बाकीचं वाचायला आठवडा लागला तरी चालेल, हे मात्र आजच घरातल्या सगळ्यांना सांग. टोटल काउंट म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी मिळून; २१०० चे ४८ टक्के म्हणजे साधारण १०००. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा हा खरा आकडा. केमोचा माणूस बघताना आम्ही टोटल काउंटपेक्षा याच आकड्याकडे पाहतो. १००० म्हणजे कमी आहे, पण घाबरण्यासारखं नाही. तो ५०० च्या खाली गेला की साध्या जंतूलाही वाट मोकळी होते, आणि आत्तींचं तोंड तर शेकाने आतून सोललेलं असणार. पेशीच कमी असल्या की पू होत नाही, सूज फारशी दिसत नाही. कधी कधी ताप ही एकच खूण असते. म्हणून घरात थर्मामीटर ठेव. १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला, किंवा हुडहुडी भरली, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, कोल्हापूरला जाणं होत नसेल तर जवळचं जे दवाखान्याचं कॅज्युअल्टी उघडं असेल तिथे न्यायचं आणि दारातच पहिलं वाक्य सांगायचं की केमो चालू आहे. केमोची फाइल हातात ठेवायची. अशा तापात अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला लागतं. केमोबरोबर उलटीसाठी जे स्टेरॉइड देतात त्याने ताप दबतोही, तेव्हा ताप नसून आत्ती एकदम गळाल्या, बरळायला लागल्या तरी हाच नियम.

आता दुसरी गोष्ट. काउंट पडले म्हणजे कॅन्सरला मोकळं रान मिळालं, असं तुमच्या घरात बोललं जात असेल. तसं नाही. न्यूट्रोफिल हे मुख्यतः जंतू आणि बुरशीसाठीचे. कॅन्सरच्या पेशी मारण्याचं मोठं काम टी पेशी आणि एनके पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं, आणि त्या या आकड्यात धरलेल्याच नाहीत. आठवडाभर केमो पुढे जाणं हे डॉक्टरांचं रोजचं काम आहे, त्यात हार नाही. शेकात मात्र खंड पडू देऊ नका. तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेकाचे दिवस लांबले की गुण कमी येतो हे पक्कं माहीत आहे. एसटी चुकली, लग्न आलं, अमावस्या आली, ही कारणं तिथे चालत नाहीत.

मग प्रतिकारशक्ती कमी होती का, हा तुमचा मोठा प्रश्न. मी पॅथॉलॉजीतली, म्हणजे गाठीचे तुकडे तपासणारी. माणसं कमी पाहिली, काचपट्ट्या जास्त. आणि काचपट्टीवर या प्रश्नाचं उत्तर वेगळंच दिसतं.

सर्दी-ताप आणणारा जंतू बाहेरचा असतो. त्याला ओळखणं सोपं. कॅन्सरची पेशी आपलीच, आपल्याच गालाची. तिच्यात काही जीन बिघडलेले असतात आणि त्या बिघाडातून एखाद-दुसरं वेगळं प्रथिन तयार होतं, त्यावरून टी पेशीला ती ओळखावी लागते. म्हणून आयुष्यात कधी तापाने न झोपलेली बाई कॅन्सरने आजारी पडू शकते, यात काहीच विसंगती नाही. प्रतिकारशक्तीचा कॅन्सरशी संबंध नाही असंही नाही. किडनी बदललेल्या लोकांना ती टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, आणि त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त सापडतं. एचआयव्हीच्या रुग्णांमध्येही काही कॅन्सर उठून दिसतात. म्हणजे राखण चालू असते. प्रश्न आहे की ती असतानाही गाठ वाढते कशी.

याचं उत्तर देणारा एक प्रयोग मला फार आवडतो. २००१ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने दोन प्रकारच्या उंदरांना कॅन्सर करणारं रसायन टोचलं. एका गटाचे उंदीर धडधाकट, दुसऱ्या गटाच्या उंदरांत टी आणि बी या पांढऱ्या पेशी (त्यांना लिम्फोसाइट म्हणतात) तयारच होत नव्हत्या. दुसऱ्या गटात गाठी जास्त झाल्या, हे कुणालाही अपेक्षित होतं. पण त्यांनी पुढे एक पाऊल टाकलं. दोन्ही गटांतल्या गाठी काढून नव्या, निरोगी उंदरांत लावल्या. धडधाकट उंदरांत वाढलेल्या गाठी नव्या उंदरांत सरसकट रुजल्या. राखणीशिवाय वाढलेल्या गाठींपैकी साधारण चाळीस टक्के मात्र नव्या उंदरांनी नाकारल्या, त्या रुजल्याच नाहीत. म्हणजे काय झालं बघ. जिथे राखण कडक होती तिथे ओळखू येणाऱ्या पेशी मारल्या गेल्या, आणि ज्यांना लपता येत होतं त्याच उरल्या. राखणीनेच लपण्यात पटाईत पेशी निवडल्या.

आत्तींच्या बाबतीत हेच घडलं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण गालाच्या गाठी साधारण याच रस्त्याने येतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तो रोज हिरडीवर चोळायचा. त्यातली नायट्रोसामाइनं पेशीच्या डीएनएला बिघडवतात, आणि रोजच्या चोळण्याने तिथली त्वचा कायम जळजळत राहते. जळजळ झाली की दुरुस्तीला प्रतिकारशक्तीच्या पेशी धावतात. रोज जखम, रोज दुरुस्ती, असं तीस-चाळीस वर्षं. पांढरा चट्टा येतो, लाल चट्टा येतो, कुणी तोंड उघडून बघत नाही. सुरुवातीला बिघडलेल्या कितीतरी पेशी मारल्या जातात. मग वर्षानुवर्षं दोघांची बरोबरी चालते, बाहेरून काही कळत नाही. आणि एक दिवस एक वंश सुटतो. तेव्हा "आत्तींची प्रतिकारशक्ती कमी होती" यापेक्षा "ती पुष्कळ वर्षं काम करत होती आणि अखेर चकली" हे खऱ्याच्या जास्त जवळचं. त्यांना कुणी घरात तसं बोलून दाखवत असेल की तुझंच शरीर कमकुवत, तर ते थांबव. मशेरी मात्र पूर्ण बंद, "थोडी लावते" हेही नाही. आणि विड्या वळायचं सूप घरात असेल तर ते आत्तींसमोरून हलवा. निपाणीत तंबाखूवर किती चुली पेटल्या हे मला माहीत आहे, म्हणून विडी वळणाऱ्या बाईला दोष देणारं कुणी समोर आलं की माझं डोकं फिरतं. पण तो वेगळा विषय.

काचपट्टीवर काय दिसतं ते सांगते, कारण त्यातच तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आहेत. गाठीचा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तिथे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. कधी कधी निम्म्याहून जास्त पेशी आपल्याच, चांगल्या असतात. गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मनीत रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ सालीच टिपलं होतं. तेव्हापासून शंभरेक वर्षं लोक समजत होते की त्या दिसल्या म्हणजे बरंच. आता कळलंय की कोणत्या दिसल्या आणि कुठे दिसल्या यावर सगळं आहे.

गाठीच्या कडेला आणि आत टी पेशींची दाटी असेल तर तो बहुधा चांगला इशारा. पॅरिसच्या झेरोम गॅलाँ यांच्या गटाने २००६ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दाखवून दिलं की या पेशी कोणत्या, किती आणि कुठे आहेत यावरून रुग्णाचं पुढे काय होईल हे नेहमीच्या स्टेजपेक्षाही चांगलं सांगता येतं. तोंडाच्या कॅन्सरमध्येही कडेला लिम्फोसाइटची सलग दाट पट्टी असली की मी मनातल्या मनात बरं म्हणत असे. पण त्याच गाठीत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. खरं तर त्या जंतू गिळणाऱ्या आणि जखम भरून काढणाऱ्या. गाठ त्यांना जखमेसारखेच रासायनिक निरोप पाठवते, आणि त्या इमानेइतबारे जखम भरायला लागतात. नव्या रक्तवाहिन्या आणतात, पेशी वाढवणारी द्रव्यं सोडतात, टी पेशींना शांत करतात. हॅरोल्ड ड्व्होराक नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९८६ साली गाठीला न भरणारी जखम म्हटलं ते यामुळेच. आमच्याच पेशी, आमचंच चांगलं काम, आणि फायदा गाठीचा.

आणखी एक जात आहे, नियंत्रक टी पेशींची. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून त्या इतर टी पेशींना आवरतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल यांना याच कामासाठी मिळालं. त्या नसत्या तर आपल्याला सांधे, आतडी, थायरॉइड यांचे आजार लागले असते. गाठीत मात्र त्यांची गर्दी झाली की मारणाऱ्या टी पेशी हात आखडतात.

आता तूच सांग, "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणणाऱ्याने यातली कोणती पेशी वाढवायची? मॅक्रोफेज वाढवायच्या की नियंत्रक टी पेशी? पावडरच्या डब्यावर ते लिहिलेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की कॅन्सरच्या माणसापुढे हे वाक्य म्हणजे विक्रीची आरोळी आहे, दुसरं काही नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये वापरतात ती इम्युनोथेरपी काहीच "वाढवत" नाही, हे इथे समजून घे. तू कोगनोळी नाक्यावरून रोज कोल्हापूरला जातेस. २०२१ साली कोरोनात तिथे आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते, आठवत असेल. समज, एखाद्याने खोटा रिपोर्ट काढला आणि पोलिसाने कागद बघून गाडी सोडली. तिथे पोलीस वाढवून काय होणार? शंभर पोलीस उभे केले तरी शंभर जण कागद बघून सोडतील. टी पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक भाग असतो. ज्या पेशीच्या अंगावर पीडी-एल१ दिसेल तिला सोडून द्यायचं, असा तो नियम, आणि तो चांगल्या पेशींच्या रक्षणासाठीच आहे. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी हाच पीडी-एल१ अंगावर चढवतात. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं पीडी-१ ला झाकतात, कागद दिसेनासा होतो. क्योतोच्या तासुकु होंजो यांनी १९९२ मध्ये पीडी-१ शोधला. अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ नावाच्या अशाच दुसऱ्या भागाला अडवून उंदरांतल्या गाठी घालवल्या. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं.

कागद दिसेनासा झाला की चांगल्या पेशींचाही होतो, हे ओघाने आलं. म्हणून या औषधांचे त्रास केमोसारखे नसतात. केस सहसा जात नाहीत, पण आतड्याला, फुप्फुसाला, यकृताला, थायरॉइडला सूज येऊ शकते, कधी औषध संपून काही महिने झाल्यावरही. तेव्हा स्टेरॉइड द्यावी लागतात. फुकटचं काही नाही.

आता तुमच्या दिरांचं. ते वाईट बोलत नाहीत, त्यांना भावजयीपुढे आणि आईपुढे काहीतरी करून दाखवायचं आहे. पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. पेशी बाहेर काढून, बदलून परत सोडतात ती कार-टी. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या कामातून तयार झालेल्या अशा उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तो रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, बी पेशींच्या. गालाच्या गाठीसाठी नाही. तो विषय इथेच सोडा. आणि कुणी "डेंड्रायटिक पेशींची लस" म्हणून लाखांचं पॅकेज दिलं तर तिथूनही परत फिरा. डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या पेशी, शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना स्वतःला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी स्वतःवर अशा लसींचे प्रयोग करून घेतले, साडेचार वर्षं जगले, आणि २०११ मध्ये नोबेल जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी गेले. लसीने किती दिवस मिळाले हे कुणालाही सांगता आलेलं नाही. ज्याने पेशी शोधली त्याची ही गोष्ट, मग पॅकेजवाल्याकडे काय जास्त असणार?

उरलं पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब. तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यांचा उपयोग पक्का ठरला तो आजार उलटलेल्या किंवा पसरलेल्या रुग्णांत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमोला न जुमानलेल्या अशा रुग्णांपैकी निव्होलुमॅबवर वर्षाअखेर ३६ टक्के जिवंत होते, दुसऱ्या औषधांवर १६.६ टक्के. फरक मोठा आहे. पण उलट बाजूनेही वाच, ६४ टक्के गेले. नुसत्या या औषधाने गाठ आकसते ती साधारण सात-आठ जणांत एकाची. व्हिडिओत तो एक दिसतो. त्याच्यासाठी मलाही आनंद होतो, पण रान विकायला तो पुरावा पुरत नाही.

आत्तींचा आजार मात्र उलटलेला नाही. तो काढला आहे, आणि आता राहिलेलं पुसून काढायला शेक आणि केमो चालू आहेत. इथे इम्युनोथेरपी घालून बघण्याचे प्रयत्न झाले, आणि निकाल सरळ नाहीत. ऑपरेशन न केलेल्या रुग्णांत शेक-केमोबरोबर अशाच जातीचं ॲव्हेलुमॅब दिलं, २०२१ मध्ये निकाल आला, उपयोग झाला नाही. एक शंका अशी की मानेच्या ज्या लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड, या कॅन्सरच्या गाठी नव्हेत) टी पेशी शिकतात त्यांच्यावरच शेक पडतो. पण २०२५ मध्ये दोन चांगले निकाल आले. एकात पेम्ब्रोलिझुमॅब ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केलं आणि नंतरही चालू ठेवलं, तेव्हा तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेले ५७.६ टक्के, नेहमीच्या उपचाराने ४६.४. दुसऱ्यात, युरोपात, ऑपरेशननंतर जास्त धोक्याच्या रुग्णांना शेक-केमोसोबत निव्होलुमॅब दिलं आणि तिथेही तीन वर्षांनी दहाएक टक्क्यांचा फायदा दिसला. पहिल्या पद्धतीची वेळ तुमच्यासाठी गेली आहे. दुसरीत औषध शेक सुरू व्हायच्या आधी चालू केलं होतं. अर्ध्या शेकात असलेल्या माणसाला ते आता जोडावं का, याला त्या चाचणीत उत्तर नाही. म्हणून माझं म्हणणं, आज रान विकू नका. आत्तींचा चालू उपचारच बरं करण्याच्या इराद्याने दिलेला आहे, आणि तो पुरा होणं याला पहिला मान.

डॉक्टरांना विचारायचं ते असं विचार. गाठ काढली तेव्हा कड साफ होती का, मानेच्या लसिका गाठींमधून आजार बाहेर आला होता का. पीडी-एल१ ची तपासणी झाली का, पीडी-एल१ किती आहे ते सांगणारा सीपीएस आकडा किती. आणि उद्या देव न करो, आजार उलटला तर कमी डोसचं निव्होलुमॅब तुमच्याकडे देतात का. हा शेवटचा प्रश्न दिरांना पाठ करायला लाव, कारण रान वाचवणारा तोच आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने उलटलेल्या आणि बरा न होणाऱ्या आजारात १५१ रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना स्वस्त गोळ्यांची केमो, अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असतो. वर्षाअखेर जिवंत राहिलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. टी पेशीवरचा पीडी-१ झाकायला थोडंच औषध पुरतं, हा त्यामागचा विचार. माझ्या मते आपल्याकडच्या माणसांसाठी गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात कामाचं संशोधन हेच.

आता काढा. नणंदबाईंना दुखवू नकोस, पण गुळवेल बंद. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं, पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांमधून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, गुळवेल सुरक्षित आहे असं सांगितलं. तो वाद चालू राहू दे. पण त्या रुग्णांच्या यकृतात दिसलं ते बरंचसं प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखं होतं. आत्तींना आठवड्याला सिस्प्लॅटिन नावाची केमो जात असेल, बहुतेक तेच असणार, तर किडनीवर आधीच भार आहे. यकृताचे आकडे चढले तर केमो अडेल आणि कशाने चढले हे कुणालाच कळणार नाही. पावडरीचं तर विचारूच नकोस, आत काय आहे ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. कॅनडात क्यूबेकमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांना शेक चालू असताना व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं होतं. २००५ मध्ये निकाल छापले. शेकाचा त्रास थोडा कमी झाला खरा, पण गाठ त्याच जागी उलटण्याचं प्रमाण वाढल्यासारखं दिसलं. शेक ज्या मार्गाने कॅन्सरच्या पेशीला मारतो तोच मार्ग जास्तीच्या गोळ्यांनी अडतो असा अंदाज आहे. रक्तात कमी सापडलं म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी वेगळी.

आत्तींना खरी गरज आहे ती वजन राखण्याची. टी पेशी असोत की गालाची कातडी, सगळं प्रथिनांवरच उभं राहतं. तिखट चालणार नाही, भाकरी गिळणार नाही. मऊ भात-वरण, अंडं, दूध, खिमटी, ताजी पातळ नाचणीची खीर, दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं. काउंट कमी असताना कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा उसाचा रस, रात्रभर आंबवलेली आंबील नको, शिजवलेलं आणि गरम असू दे. मीठ आणि खायचा सोडा कोमट पाण्यात घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. वजन झपाट्याने उतरायला लागलं तर नाकातून नळी घालू देतील, तिला नाही म्हणू नका. नळी म्हणजे शेवट असं शेजारी सांगतील. ती शेक पुरा होईपर्यंतची सोय आहे, नंतर काढतात.

पैशाचं बघताना कागद आधी गोळा करा. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहे. कोल्हापूरच्या दवाखान्यात तो कसा लागू होतो, कर्नाटकातून रेफरल लागतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकने विरोध केला, तुम्हाला माहीतच आहे. दोन सरकारांच्या भांडणात रुग्णाने लाजून गप्प बसायचं नाही, दोन्ही खिडक्यांवर जाऊन विचारायचं. आत्तींचं विडी कामगाराचं ओळखपत्र कुठल्या पेटीत आहे ते शोध, विडी कामगार कल्याण निधीतून कॅन्सरच्या खर्चाची तरतूद असते. आणि कुठलाही फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत पुढे आला तर सही करण्याआधी "मराठीत सांगा" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मिस्टरांना सोबत ने. बोलत नसतील तरी ऐकू देत.

शेवटचं माझ्या खात्यातलं. ऑपरेशनच्या दवाखान्यात आत्तींच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा ठेवलेला असेल, त्याला ब्लॉक म्हणतात. पीडी-एल१ ची तपासणी त्यावरच होते, आज झाली नसेल तर वर्षानेही होते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलं तर पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, पोच घ्या, नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून बघा आणि काम झालं की परत नेऊन द्या. नेताना पिशवीत, सावलीत ठेवा. गाडीच्या काचेखाली उन्हात राहिला तर मेण मऊ होतं, आणि दुसरा तुकडा मिळत नाही.